संगमरवरातले सेनानी : प्रस्तावना

इंग्लंडच्या विंडसर किल्ल्यात ‘क्वीन्स गार्ड चेंबर’ नावाचे एक दालन आहे. भिंतींवर तलवारी, बंदुका आणि ढाली नक्षीसारख्या मांडलेल्या, आणि त्यांच्या सोबतीला सेनानींचे संगमरवरी अर्धपुतळे. मार्लबरोचा ड्यूक आणि वेलिंग्टनचा ड्यूक यांच्या अर्धपुतळ्यांच्या वर एकेक छोटे रेशमी निशाण असते. ती निशाणे शोभेची नाहीत. ब्लेनहाइमच्या लढाईच्या तिथीला, म्हणजे 13 ऑगस्टला, मार्लबरोच्या वंशजाने फ्रान्सच्या जुन्या राजघराण्याचे कमळफुली निशाण राजाला द्यायचे. वॉटर्लूच्या तिथीला, 18 जूनला, वेलिंग्टनच्या वंशजाने फ्रान्सचा तिरंगा द्यायचा. त्यांना विजयाबद्दल मिळालेल्या इस्टेटींचा हा वार्षिक सारा. इनाम, नजराणा आणि सरंजाम यांचे व्यवहार ज्यांच्या दप्तरांत शेकडो वर्षे नोंदले गेले, त्या मराठी माणसाला ही रीत समजावून सांगावी लागत नाही. जहागीर तुमची, पण ती दिली कोणी हे दरसाल आठवायचे.

या पुस्तकाची सुरुवात तिथून झाली, कारण ते निशाण पाहिले की खालच्या संगमरवरी चेहऱ्याचा अर्थ बदलतो. राजवाड्यात ठेवलेला सेनानीचा अर्धपुतळा सेनानीबद्दल जेवढे सांगतो, त्याहून जास्त तो ठेवणाऱ्या राजाबद्दल सांगतो, असे माझे मत आहे आणि पुढची सगळी पाने त्या मताची तपासणी आहेत. लढाई जिंकणारा माणूस कोणत्याही राजाला हवाही असतो आणि धोक्याचाही वाटतो. त्याची कीर्ती सिंहासनापेक्षा मोठी होऊ लागली तर काय करायचे? त्याला घरात घ्यायचे. त्याची मान, कपाळ, जबडा यांना उत्तम दगडात कायम करायचे. घोडा, तलवार आणि फौज दाराबाहेर ठेवायची. अर्धपुतळ्याला हात नसतात. छातीपाशी तो संपतो. सेनानीला इतक्या आदराने निःशस्त्र करणारा दुसरा कलाप्रकार मला माहीत नाही.

मराठीत शिल्पकलेवर जे लिहिले गेले ते बहुतांशी लेणी, देवळे आणि मूर्ती यांच्यावर. ते योग्यच आहे. आपली श्रीमंती तिथे आहे. पण ज्या व्यक्तिशिल्पांच्या शेजारून आपण रोज जातो, त्यांची भाषा आपण क्वचितच शिकतो. चौकातला अर्धपुतळा कोणाचा एवढे ओळखले की आपले पाहणे संपते. हा प्रकार आला कुठून, त्याचे नियम कोणी घडवले, त्यात काय दाखवायचे आणि काय गाळायचे हे कसे ठरले, हे नव्या वाचकाला आधी सांगायला हवे.

मूळ रोमचे. ग्रीकांना माणसाचे शरीर पूर्ण हवे असे; चेहरा त्या शरीराचा एक भाग. रोमनांना मात्र चेहरा पुरे वाटला. ज्या घराण्यांतल्या पुरुषांनी मोठी पदे भूषवली, ती घराणी पूर्वजांचे मेणाचे मुखवटे घरात जपत आणि अंत्ययात्रेत ते चढवून माणसे चालत, असे वर्णन पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने केले आहे. म्हणजे मृतांचे चेहरे मिरवणे हा तिथे घराण्याचा हक्क होता, आणि दगडातले व्यक्तिशिल्प त्या वातावरणात वाढले. प्रजासत्ताकाच्या अखेरच्या काळातले रोमन चेहरे पाहावेत: सुरकुत्या, ओघळलेले गाल, चामखीळसुद्धा गाळलेली नाही. वय आणि झीज हाच त्यांच्या लेखी अधिकाराचा पुरावा. पुढे सम्राट आले आणि चेहरे गुळगुळीत झाले. मग तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला काराकालाचे ते प्रसिद्ध शिल्प आले. मान झटक्याने वळलेली, भुवया आवळलेल्या, खांद्यावर सेनापतीचा झगा. दगडात फक्त मानेला दिलेल्या पिळातून लष्करी जरब कशी दाखवायची, हे त्या शिल्पाने पुढच्या युरोपला शिकवले. अठराव्या शतकापर्यंत शिल्पकार त्याच्या नकला उतरवत होते.

मधली हजारेक वर्षे मी भराभर ओलांडतो. संतांच्या अस्थी ठेवण्यासाठी धातूचे अर्धपुतळे त्या काळात घडत राहिले, पण जिवंत माणसाला संगमरवरात बसवण्याची प्रथा मोडली होती. ती फ्लॉरेन्समध्ये परत आली. मिनो दा फिएसोले याने 1453 मध्ये केलेला पिएरो दे मेदिचीचा अर्धपुतळा हा प्राचीन काळानंतरचा, तारीख असलेला पहिला संगमरवरी अर्धपुतळा मानतात. तो छातीखाली आडवा, सरळ कापलेला आहे. रोमन पद्धतीत मात्र पुतळा खाली निमुळता होत छोट्या बैठकीवर उभा राहतो. छातीचा दगड कुठे आणि कसा थांबवायचा हा वरवर क्षुल्लक वाटणारा प्रश्न या कलेत सगळ्यात अवघड आहे. जरा चुकले की माणूस कापल्यासारखा दिसतो.

सतराव्या शतकात बर्निनीने त्या प्रश्नाला दिलेले उत्तर थक्क करणारे होते. त्याने कापडाचा असा एक लोट उसळवला की शरीर कुठे संपते हा प्रश्नच पाहणाऱ्याला पडू नये. व्हर्सायमधला चौदाव्या लुईचा 1665 चा अर्धपुतळा पाहावा: चिलखतावरून वाऱ्याने उडालेले वस्त्र, आणि त्यावर तरंगणारे मस्तक. इंग्लंडच्या राजसंग्रहाच्या इतिहासातही बर्निनीची एक मोठी पोकळी आहे. पहिल्या चार्ल्सने त्याच्याकडून आपला अर्धपुतळा करवून घेतला. राजा लंडनमध्ये, शिल्पकार रोममध्ये. म्हणून व्हॅन डाइकने एकाच कॅनव्हासवर राजाचे तीन बाजूंनी चेहरे रंगवून पाठवले. त्यावरून 1636 मध्ये पुतळा झाला आणि 1698 मध्ये व्हाइटहॉल राजवाड्याच्या आगीत नष्ट झाला. ते चित्र आज राजसंग्रहात आहे. साधन उरले आणि साध्य जळाले. दगड अमर असतो असे आपण सहज म्हणतो, तेव्हा हे उदाहरण लक्षात ठेवावे.

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये खरा वाद होता तो पोशाखाचा. एक पक्ष म्हणे, थोर माणसाला रोमन करा: आखूड केस, उघडी मान, खांद्यावर सैल वस्त्र. फॅशन बदलेल, हे बदलणार नाही. दुसरा पक्ष म्हणे, माणूस ज्या काळात जगला त्या काळाचा दिसू द्या. अँटवर्पहून लंडनला आलेल्या राइसब्रॅकचा ओढा पहिल्या बाजूकडे जास्त होता, जरी तो दोन्ही पद्धतींनी काम करी. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जन्मलेल्या रुबिलियाकने त्वचेखालची हाडे, पापण्यांचे वजन, ओठांच्या कडेची हालचाल यांत असा जीव ओतला की पोशाखाचा वाद बाजूला पडावा. त्याने केलेला फील्ड मार्शल लिगोनियरचा संगमरवरी अर्धपुतळा राजसंग्रहात आहे. लिगोनियर हा फ्रेंच प्रोटेस्टंट निर्वासित. मार्लबरोच्या हाताखाली ब्लेनहाइमपासून माल्प्लाकेपर्यंतच्या लढाया लढला, 1747 च्या लाउफेल्डच्या लढाईत सैन्याची माघार वाचवताना शत्रूच्या हाती सापडला आणि पुढे ब्रिटिश सैन्याचा सरसेनापती झाला. फ्रेंच कुळातल्या सेनानीला फ्रेंच कुळातल्या शिल्पकाराने घडवले, आणि दोघेही इंग्लंडच्या राजाच्या घरात कायमचे राहिले. ‘राष्ट्रवीर’ या कल्पनेच्या आत डोकावायला याहून चांगली खिडकी मिळणार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर या कलेचे अर्थकारण पालटले. जोसेफ नोलेकेन्सने पंतप्रधान पिटच्या चेहऱ्याच्या संगमरवरी प्रती डझनांनी काढल्या आणि विकल्या. तिकडे नेपोलियनची बहीण एलिसा हिने कारारा इथल्या कारखान्यांतून भावाचे चेहरे साम्राज्यभर पाठवले. संगमरवराची खाण, कुशल हात आणि राजकीय गरज एका जागी आल्यावर जे होते ते झाले: वीराचा चेहरा माल झाला. त्याच नेपोलियनने कानोव्हाकडून करवून घेतलेला आपला भव्य नग्न पुतळा मात्र त्याला पाहवला नाही. तो झाकून ठेवला गेला. 1816 मध्ये ब्रिटिश सरकारने तो विकत घेतला आणि वेलिंग्टनला दिला. लंडनमधल्या वेलिंग्टनच्या घरात, अ‍ॅप्सली हाउसच्या जिन्यापाशी, तो आजही उभा आहे. पराभूताला पूर्ण शरीरानिशी घरात उभे करायचे आणि जेत्याचे मस्तक राजाच्या घरात ठेवायचे, अशी ती वाटणी झाली.

आता या पुस्तकाच्या मध्यभागी असलेल्या शिल्पकाराकडे येतो. फ्रान्सिस चँट्री 1781 मध्ये शेफील्डजवळच्या नॉर्टन गावात जन्मला. वडील सुतार आणि छोटे शेतकरी. ते लवकर गेले. मुलगा शेफील्डमध्ये लाकूड कोरणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला लागला. कोणत्याही अकादमीने त्याला घडवले नाही. 1811 मध्ये हॉर्न टूक या वृद्ध राजकीय लेखकाचा अर्धपुतळा प्रदर्शनात आला आणि लंडनने त्याची दखल घेतली. पुढची तीस वर्षे इंग्लंडमधल्या प्रत्येक मोठ्या माणसाला चँट्रीसमोर बसावेसे वाटले.

त्याची काम करण्याची रीत समजून घेतली तर अर्धपुतळा वाचणे सोपे जाते. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा तो आधी कॅमेरा ल्युसिडाने कागदावर उतरवी: एकदा समोरून, एकदा बाजूने. कॅमेरा ल्युसिडा म्हणजे छोटा लोलक, ज्यातून पाहिले की समोरचे दृश्य कागदावर पडल्यासारखे दिसते आणि पेन्सिलने गिरवता येते. मग शाडूसारख्या ओल्या मातीत चेहरा उभा राही. माती असेपर्यंत चँट्री माणसाशी गप्पा मारत राही, कारण गप्प बसलेला माणूस पडून गेलेला चेहरा घेऊन बसतो. मातीवरून प्लास्टरचा साचा, साच्यातून प्लास्टरचा पुतळा, आणि त्यावर ठिकठिकाणी खुणेचे बिंदू. पॉइंटिंग मशीन नावाच्या सळईदार उपकरणाने प्रत्येक बिंदूची खोली मोजून ती संगमरवराच्या ठोकळ्यात उतरवली जाई. हे काम पगारी कारागीर करत. शेवटचा हात, म्हणजे पापणीची कडा, ओठांची रेघ, कानामागचे केस, एवढेच मालकाचे. 1809 ते 1841 या काळातली त्याची हिशेबवही प्रसिद्ध झाली आहे. ती वाचताना लक्षात येते की ज्याला आपण एका माणसाची कलाकृती म्हणतो, ती एका मोठ्या कारखान्याची निर्मिती होती. त्या कारखान्याचा कारभार अ‍ॅलन कनिंगहॅम नावाचा स्कॉटिश कवी पाहत असे.

आणि तरीही चँट्रीचा चेहरा चँट्रीचाच असतो. मांसाचे वजन आणि कातडीचा मऊपणा दगडात आणण्यात त्याच्या पिढीत त्याला तोड नव्हती, हे मी जबाबदारीने लिहितो. कपड्यांच्या वादात त्याने मधली वाट काढली. छातीवर तो सहसा एक साधे सैल वस्त्र टाकी आणि सगळी ताकद मस्तकावर खर्च करी. सेनानीच्या बाबतीत त्याचा परिणाम विलक्षण होतो. वेलिंग्टनचा चेहरा त्याने 1820 च्या दशकात घडवला, तेव्हा ड्यूक पन्नाशीत होता. ते गरुडाच्या चोचीसारखे नाक, आत ओढलेले गाल, मिटलेले ओठ. कर्तृत्व सांगायला पदकांची गरज उरत नाही.

पण मराठी वाचक त्या चेहऱ्यापुढे उभा राहिला तर त्याच्यासाठी आणखी एक पदर उघडतो. हा माणूस आपल्या जमिनीवर लढला होता. वॉटर्लूच्या बारा वर्षे आधी, 23 सप्टेंबर 1803 रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ मेजर जनरल आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढचा वेलिंग्टन, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्यावर चालून गेला. तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. समोर शिंद्यांची कवायती पायदळे, पोलमन या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखाली, आणि तोफांची लांबच लांब रांग. वाटेत केळणा नदी. नदीच्या दोन्ही तीरांवर दोन गावे समोरासमोर दिसली आणि वेलस्लीने तर्क केला की गावे अशी वसली असतील तर मध्ये उतार असणारच. उतार निघाला. शिंद्यांच्या गोलंदाजांनी त्या दिवशी जो मारा केला त्यात वेलस्लीच्या सैन्यातले सुमारे सोळाशे लोक मेले किंवा जखमी झाले. त्याच्या स्वतःच्या अंगाखालचे घोडे गेले. म्हातारपणी, आपल्या हातून रणांगणावर घडलेली सर्वोत्तम गोष्ट कोणती असे विचारल्यावर त्याने वॉटर्लूचे नाव न घेता असईचे घेतले, असे त्याच्या परिचितांनी नोंदवले आहे.

संगमरवरात यातले काय येते? तो तर्क येत नाही. नदी येत नाही. मद्रासच्या पलटणींतले शिपाई येत नाहीत, ज्यांच्या बळावर लढाई उभी राहिली. वेलस्लीच्या बाजूला पेशव्यांचे मराठी घोडेस्वारही होते, म्हणजे त्या दिवशी मराठे दोन्हीकडे होते. तेही येत नाही. आणि शिंद्यांचे ते गोलंदाज, जे तोफांपाशी उभ्या जागी मारले गेले, त्यांचा तर कुठल्याच दगडावर चेहरा नाही. अर्धपुतळा म्हणजे गाळलेल्या गोष्टींची फार मोठी यादी असते. ती यादी प्रत्येक देशातल्या वाचकाने आपल्या माहितीने भरायची असते, आणि या एका चेहऱ्याच्या बाबतीत मराठी वाचकाकडे इतरांपेक्षा जास्त माहिती आहे. मराठीत हे पुस्तक लिहिण्याचे कारण तेच.

असईच्या रणांगणावर वेलस्लीच्या बाजूला घोड्यावर एक तरुण मुलकी अधिकारीही होता: माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, वय तेवीस. चौदा वर्षांनी पुण्यात पेशवाईचा शेवट पाहणारा आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला तोच हा एल्फिन्स्टन. त्याचा संगमरवरी पुतळा मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत उभा आहे आणि तो चँट्रीचाच आहे. तिथला सर जॉन माल्कम याचा पुतळाही चँट्रीचा. म्हणजे विंडसरच्या दालनातली छिन्नी पाहायला मुंबईकराला समुद्र ओलांडावा लागत नाही.

नेल्सनची गोष्ट याहून वेगळी. विंडसरमधला त्याचा अर्धपुतळाही चँट्रीचा, 1835 चा, चौथ्या विल्यमने करवलेला. नेल्सन ट्रफाल्गरला 1805 मध्येच मेला होता. चँट्रीसमोर तो कधी बसला नाही. राजाला मात्र तो चांगला ठाऊक होता. विल्यम तरुणपणी आरमारात होता आणि 1787 मध्ये वेस्ट इंडीजमधल्या नेव्हिस बेटावर नेल्सनच्या लग्नात त्याने वधूचे कन्यादान केले होते. राजाने अर्धपुतळ्यासाठी बैठक निवडली ती ‘व्हिक्टरी’ जहाजाच्या डोलकाठीचा तुकडा, ज्यातून तोफेचा गोळा आरपार गेलेला. इथे दगडापेक्षा लाकूड जास्त बोलते. आणखी एक गोष्ट या रूपामुळे घडते. नेल्सनचा उजवा हात 1797 मध्ये गेला होता. त्याचा रिकामी बाही टाचलेला कोट इंग्लंडभर ओळखीचा होता. अर्धपुतळ्यात मात्र सगळ्यांचेच हात नाहीसे होतात, त्यामुळे ज्याचा खरोखरच गेला त्याची हानी दिसेनाशी होते. कलाप्रकाराचे नियम माणसाचा इतिहास कसा पुसतात, हे मला इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठे दिसले नाही.

नेल्सन जिवंत असताना ज्यांच्यापुढे बसला त्यांच्यात अ‍ॅन सेमूर डेमर होत्या. फील्ड मार्शल कॉनवे यांची ही मुलगी. उमरावघराण्यातल्या बाईने छिन्नी-हातोडा हाती धरावा यावर तेव्हा टवाळी झाली, तरी त्यांनी आयुष्यभर शिल्पे केली. नाइलच्या लढाईनंतर, 1798 मध्ये नेपल्समध्ये नेल्सन त्यांच्यासमोर बसला. त्या चेहऱ्याच्या प्रती त्यांनी पुढे केल्या, आणि उतारवयात त्यातला एक अर्धपुतळा त्यांनी पाठवला तो तंजावरला, सरफोजीराजे भोसल्यांकडे. सिलोनचे माजी सरन्यायाधीश सर अलेक्झांडर जॉन्स्टन यांची ती सूचना होती.

या एका अर्धपुतळ्यापाशी पुस्तक सर्वांत जास्त रेंगाळते, हे वाचकाला आधीच सांगून ठेवतो. सरफोजीराजे 1798 मध्ये गादीवर आले आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला; किल्ला आणि भोवतालचा प्रदेश एवढाच उरला. फौज नसलेला राजा. त्याने ग्रंथ जमवले, छापखाना काढला, वैद्यक आणि शरीरशास्त्राची चित्रे करवली, युरोपातून यंत्रे आणि खोदचित्रे मागवली. सरस्वती महाल ग्रंथालयाची कीर्ती त्याच्यामुळे आहे. 1814 मध्ये नेपोलियनच्या पाडावाच्या स्मरणार्थ त्याने समुद्रकाठी ‘मनोरा’ बांधला. आणि याच राजाने 1803 मध्ये बृहदीश्वराच्या प्राकारभिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तो लांबलचक शिलालेख पूर्ण झाला डिसेंबर महिन्यात. त्याच महिन्यात वेलस्लीने गाविलगड घेतला आणि नागपूरच्या भोसल्यांनी देवगावचा तह केला. एक भोसले दगडात पूर्वजांचा पराक्रम लिहवत होते, दुसरे हरत होते, आणि त्यांना हरवणाऱ्याचा चेहरा पुढे विंडसरच्या दगडात जाणार होता.

तंजावरच्या राजसंग्रहात नेल्सन काय करत होता? याला पटकन दिलेले उत्तर, की हा केवळ इंग्रजांचा मिंधेपणा, मला अपुरे वाटते. संग्राहक म्हणून सरफोजीराजांची भूक खरी होती. ज्ञानाच्या आणि कलेच्या नव्या वस्तू त्यांना हव्या होत्या. पण नुसते कुतूहल म्हणणेही अपुरे, कारण भेट पाठवणाऱ्यांना काय मानायला लावायचे होते ते उघड आहे. विंडसरमध्ये नेल्सन राजाचा सेवक म्हणून आला. तंजावरमध्ये तोच चेहरा राजाच्या धन्यांचा वीर म्हणून आला. शिल्पकार वेगळे, पण माणूस तोच, आणि अर्थ उलटला. माझ्या मुख्य म्हणण्याला याहून भक्कम आधार मला सापडलेला नाही.

रंगाबद्दल थोडे. पांढरा संगमरवर म्हणजे शुद्ध, थंड, कालातीत, ही समजूत रोमन शिल्पांवरचे रंग मातीत झिजून गेल्यामुळे रुजली. तिला व्हिक्टोरियाच्या काळात काही शिल्पकारांनी धक्का दिला. मारोकेटीने केलेले महाराजा दलीपसिंग यांचे व्यक्तिशिल्प राजसंग्रहात आहे आणि ते रंगवलेले आहे. राज्य गमावलेला पंजाबचा तरुण राजा रंगीत आणि त्याच संग्रहातले इंग्रज सेनानी पांढरे, हा फरक अपघाती नाही असे मला वाटते. वाचकाने स्वतः ठरवावे. फ्लॉरेन्सच्या कॅशीने उद्यानात कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री आहे. 1870 मध्ये युरोपच्या प्रवासावरून परतताना ते तिथे वारले. छत्रीखालचा चार्ल्स फुलरने केलेला अर्धपुतळाही रंगीत आहे. ज्या शहरात अर्धपुतळ्याचा पुनर्जन्म झाला, तिथे एका मराठी राजाचा अर्धपुतळा उभा आहे, आणि कोल्हापूरहून गेलेली माणसे आवर्जून तो पाहून येतात.

छायाचित्र आल्यावर या कलेचा जोर ओसरला. सेनानींसाठी ब्राँझ आणि अश्वारूढ पुतळे पुढे आले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून शिकलेल्या गणपतराव म्हात्रे यांनी आणि त्यांच्यानंतर विनायकराव करमरकरांनी पाश्चात्त्य व्यक्तिशिल्पाचे तंत्र पूर्णपणे आपलेसे केले. करमरकरांचा पुण्याचा अश्वारूढ शिवाजी 1928 चा. आता घोडा परत आला होता, हात परत आले होते, आणि वीर कोणाच्याही दालनात बंद नव्हता. तो अध्याय स्वतंत्र ग्रंथाचा आहे.

आज हा विषय पुन्हा ऐरणीवर आहे. 2020 मध्ये ब्रिस्टलमध्ये लोकांनी गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा पाडून गोदीत लोटला, आणि जगभर पुतळ्यांचा हिशेब मागितला जाऊ लागला. मुंबईने तो हिशेब फार आधी, शांतपणे केला. काळा घोडा 1965 मध्ये चौकातून हलला आणि राणीच्या बागेत गेला. कॉर्नवॉलिस आणि (आर्थरचा थोरला भाऊ, गव्हर्नर जनरल) वेलस्ली यांच्यासारख्यांचे संगमरवरही तिथल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात गेले. पाडणे आणि पूजणे यांच्या मधली ही वाट मला शहाणपणाची वाटते, पण एका अटीवर: हलवलेल्या पुतळ्याकडे नंतर कोणीतरी नीट पाहायला हवे. राजवाड्यातल्या अर्धपुतळ्यांवर असा जमाव चालून येत नाही. ते दालनात सुरक्षित असतात, म्हणून त्यांना प्रश्नही कमी विचारले जातात. आता राजसंग्रहाच्या वस्तू छायाचित्रांसह घरबसल्या पाहता येतात. प्रश्न विचारायला सबब उरलेली नाही.

या पुस्तकात प्रत्येक शिल्पाला मी तेच चार प्रश्न विचारले आहेत: कोणी मागवले, कोणाच्या हातांनी घडले, कुठे ठेवले, आणि काय गाळले. क्रम काळाचा नाही. विंडसरवरून असईला, तिथून रोमला, मग तंजावरला अशी उडी वाचकाला घ्यावी लागेल. ब्राँझचे पुतळे, समाधिशिल्पे आणि अश्वारूढ पुतळे बाहेर ठेवले आहेत. जिथे त्यांच्यावाचून मुद्दा समजत नाही तिथेच ते येतात. लढायांचे वर्णन चेहऱ्याला जेवढे लागते तेवढेच. युरोपीय नावांचे उच्चार मराठी वाचकाच्या कानाला रुळतील असे लिहिले आहेत.

वाचून झाल्यावर शक्य असेल त्याने टाउन हॉलच्या पायऱ्या चढाव्यात आणि एल्फिन्स्टनला समोरून पाहून झाल्यावर बाजूने पाहावे. चँट्री कागदावर त्या दोनच बाजू उतरवत असे. मग जमेल तेवढे मागच्या अंगाला जावे. व्यक्तिशिल्पाची पाठ पाहणाऱ्यांसाठी नसते; दगड हलका करायला तो किती कोरला, आधारासाठी किती ठेवला, हत्यारांच्या खुणा कुठे घासल्या आणि कुठे तशाच सोडल्या, हे तिथे कळते. पगारी कारागिरांचे काम तिथे सुरू होते, आणि माझ्या मते पाहण्याची सुरुवातही तिथूनच करायला हवी.